चपलांच्या कपाटावरचं पोस्ट ऑफिस

आमच्या घरात सध्या एक पोस्ट ऑफिस आहे. ते चपलांच्या कपाटावर असतं, दिवसभर घुरघुरतं, आणि घरात येणारा प्रत्येक माणूस चपला काढता काढता त्याच्याकडे संशयाने बघतो. खरं म्हणजे त्याची मानाची जागा बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये. पण इंटरनेटची वायर दारापासून तिथवर पोचत नाही. वायर लांबवायला आलेला माणूस "भिंतीला एक छोटंसं भोक पाडावं लागेल" असं म्हणाला, त्यावर बायकोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो हत्यारं घेऊन परत येतो म्हणून गेला तो गेलाच.

हे सगळं रामायण घडलं ते एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य होतं आमच्या टिमकीचं. टिमकी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव आहे. पण ती एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून टिमकी. शाळेतून आली की दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत अर्धा दिवस तिच्या आईला सांगून झालेला असायचा, आणि उरलेला अर्धा ती माझ्यासाठी राखून ठेवायची. मी ऑफिसातून येऊन दाराला किल्ली लावली की आतून आवाज यायचा, "मग काय झालं आज?" माझ्या ऑफिसात आजवर कधीही काही झालेलं नाही. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. लोकांचे अर्ज 'कागदपत्रे अपूर्ण, सबब परत' असा शेरा मारून परत पाठवणं हे माझं काम. पण तिने विचारलं की काहीतरी झाल्यासारखं वाटायचं.

आता टिमकी विमानानेच जावं लागतं अशा शहरात नोकरी करते आणि रविवारी फोन करते. फोन आधी आईकडे जातो. कोट, खोकला, घरभाडं, भाजी असे सगळे विषय संपेपर्यंत फोनची बॅटरी लाल झालेली असते, आणि मग तो माझ्या हातात येतो.

"जेवलीस का?"

"हो बाबा."

"थंडी आहे का?"

"आहे."

"बरं."

"बरं."

हा आमच्या बापलेकीचा संवाद. असाच एका रविवारी तो चालू असताना ती म्हणाली, "बाबा, मागे तुम्हाला एक मोठी मेल लिहिली होती. पण परत आली. तुमचा डबा भरलाय म्हणे."

माझा मेलचा डबा फुकटच्या कंपनीचा. तो कशाने भरला होता ते मी नंतर पाहिलं. बुटांवर सवलत, केसांवर सवलत, ज्या दुकानात मी एकदाच पंखा घेतला त्या दुकानाकडून माझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. ह्या गर्दीत माझ्या मुलीच्या पत्राला उभं राहायला जागा मिळाली नव्हती.

"मग पुन्हा पाठव ना," मी म्हणालो.

"अहो, आता कुठे आहे ती! आणि विशेष काही नव्हतं बाबा. बरं, ठेवते."

विशेष काही नव्हतं, हेच ते वाक्य. ज्या मुलीने आयुष्यात विशेष काही नसताना तास तास बडबड केली, तिने मोठी मेल लिहावी, ती परत यावी आणि त्यात विशेष काही नसावं? मी आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवत होतो आणि मनात माझं परत गेलेलं पत्र वाचायचा प्रयत्न करत होतो. डबा मी रिकामा केला, हे खरं. पण ती काही पुन्हा लिहिणार नव्हती, आणि त्या पंखेवाल्याच्या शेजारी तिच्या पत्राने येऊन बसावं हेही मला आता सहन होईना.

हे मी जिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या संगणकवाल्यांजवळ बोललो. ही माझी पहिली चूक. संगणकवाले चाळिशीतले गृहस्थ असून घरून काम करतात, म्हणजे दिवसभर जिन्यात असतात. ते म्हणाले, "काका, स्वतःचा मेल सर्व्हर टाका की घरात. एखादा जुना कॉम्प्युटर घ्यायचा, त्यावर लिनक्स टाकायचं, त्यावर मेल सर्व्हर. सगळं फुकट. दोन कमांड मारल्या की झालं." सर्व्हर म्हणजे काय असं विचारल्यावर ते म्हणाले की ते आपलं खाजगी पोस्ट ऑफिस. पत्र घ्यायचं, पत्ता बघायचा, ज्याच्या त्याच्या पेटीत टाकायचं.

आपलं स्वतःचं पोस्ट ऑफिस! मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो तो उतरलोच नाही.

जुना कॉम्प्युटर घरात एकच होता, टिमकीचा. तिच्या खोलीत, टेबलावर, तिने चिकटवलेल्या मांजरांच्या चित्रांसकट. बायको दारात आडवी उभी राहिली. "तिचं काही पुसलंत तर बघा." मग तिचं सगळं, अगदी अर्धवट सोडलेल्या निबंधांपर्यंत, दुसरीकडे काढून ठेवलं आणि मांजरं खरवडायची नाहीत ह्या अटीवर कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आला.

कॉम्प्युटर चालवणाऱ्या ह्या लिनक्सबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याचा स्वभाव हुबेहूब माझ्या सासऱ्यांसारखा आहे. काम नीट झालं तर तो अवाक्षर बोलत नाही. चुकलं तर मात्र पानभर सुनावतो, आणि नेमकं काय चुकलं ते शेवटी कुठेतरी पुटपुटतो. पासवर्ड लिहिताना तर समोर एक ठिपकासुद्धा उमटत नाही. मी कीबोर्ड बिघडला समजून इतक्या जोरात बटणं दाबली की बायको स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. दोन कमांडचं काम दोन रविवारांवर गेलं. तिसऱ्या रविवारी कळलं की एका ओळीत एक टिंब राहिलं होतं.

मग घराला नाव घ्यायचं आलं. मेलच्या पत्त्यात त्या वेटोळ्या चिन्हाच्या पुढे काहीतरी लागतं ना, ते. आमचं आडनाव कोण्या पंपविक्याने आधीच घेऊन ठेवलेलं. बरीच चर्चा होऊन 'आमचं घर' हे नाव ठरलं. संगणकवाले म्हणाले, "आता घरातल्या माणसांच्या पेट्या बनवा." घरात माणसं तीन, म्हणून मी तीन पेट्या बनवल्या. एक माझी, एक बायकोची, एक टिमकीची. तिचा पासवर्ड सहज लक्षात राहील असा म्हणून 'जेवलीस का' असा ठेवला. रविवारी फोनवर तिला सांगितलंसुद्धा, "तुझी घरी पेटी केली आहे." ती "बरं बाबा, बघते नंतर," म्हणाली आणि बॅटरी संपली.

आता पत्र पाठवून बघायचं म्हणून मी पहिलं पत्र पाठवलं माझ्याच ऑफिसच्या पत्त्यावर. ते गेलं आणि लगेच परत आलं. सोबत इंग्रजीत पत्रक होतं. त्याचा अर्थ संगणकवाल्यांनी जरा आढेवेढे घेत सांगितला. "काका, मनाला लावून घेऊ नका. ते म्हणताहेत की तुमच्या पत्त्याची बाजारात पत चांगली नाही."

मी खुर्चीत बसलो. आमच्या घराण्यात आजवर कोणी उधारीवर साधा साबणही आणलेला नाही. चौकशीअंती कळलं की इंटरनेट कंपनीने आमच्या कनेक्शनला जो आकडा दिला आहे, तो पूर्वी कोणा दुसऱ्याकडे होता आणि त्या सद्गृहस्थाने जगभर टकलावर केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिराती पाठवल्या होत्या. त्या तेलाचे डाग आता आमच्या अब्रूवर होते. आणि माझ्या डोक्याकडे पाहून कोणीही सांगितलं असतं की ह्या तेलाशी ह्या माणसाचा संबंध नाही.

मी कंपनीला फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक बाई बोलल्या. मी मागणी मांडली की हा आकडा आमच्या घराच्या नावावर आहे अशी तुमच्या दप्तरी नोंद करा, म्हणजे जग आमच्यावर विश्वास ठेवेल.

"सर, घरगुती ग्राहकांना ती सुविधा नाही."

"पण पत्रं घरगुतीच आहेत."

"सर, त्यासाठी व्यावसायिक कनेक्शन लागतं. व्यवसायाचा पुरावा लागेल."

"व्यवसाय नाही. मुलीला लिहायचं आहे."

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "सर, तसा पर्याय इथे दिसत नाही." शेवटी त्यांनी विशेष बाब म्हणून अर्ज घेतला आणि पुढचा पत्रव्यवहार मेलने होईल असं सांगितलं.

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. सेक्रेटरी येऊन चपलांच्या कपाटासमोर उभे राहिले. राहत्या घरात पोस्ट ऑफिस चालवायला कमिटीची परवानगी घेतली होती का, आणि लोक पत्रं टाकायला येऊ लागले तर जिन्याच्या झाडलोटीचं काय, असे दोन प्रश्न त्यांनी केले. समोरच्या दारातले पोस्टमास्तर तर रोजच येऊ लागले. त्यांना निवृत्त होऊन बराच काळ लोटला आहे, पण निवृत्ती अजून त्यांच्या आवाजापर्यंत पोचलेली नाही. "शिक्का कुठे मारता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. शिक्का नाही म्हटल्यावर त्यांनी बायकोकडे पाहून मान हलवली. जाताना बजावून गेले, "एक लक्षात ठेवा. दुसऱ्याचं टपाल उघडायचं नाही. पोटच्या पोराचं असलं तरी नाही. ह्यावर आमचं खातं उभं होतं."

आणि मग एका संध्याकाळी चमत्कार झाला. सगळं जग माझी पत्रं नाकारत असताना मी सहज म्हणून टिमकीच्या नव्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या, आणि पडद्यावर ओळ उमटली की पत्र पेटीत पोचलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पोचलं, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. माझा ऊर भरून आला. ती राहते तो देश किती पुढारलेला! तेलवाल्याचा आकडा असूनसुद्धा त्यांनी बापाचं पत्र बरोबर ओळखलं.

तेव्हापासून मी रोज ऑफिसातून आलो की चहाचा कप चपलांच्या कपाटावर ठेवून, स्टुलावर बसून टिमकीला लिहू लागलो. सुरुवातीला लिफ्ट, भाजी, सेक्रेटरी. मग हळूहळू सुचत गेलं. मी लिहिलं की तुझ्या खोलीची खिडकी अजून अडकते आणि तू द्यायचीस तसा तिला गुडघा द्यावा लागतो. मी लिहिलं की आई रोज सकाळी तुझा पलंग झटकते, त्यावर कोणी झोपलेलं नसताना. एकदा लिहिलं की आज दाराला किल्ली लावली आणि उगीच थांबलो, आतून कोणी विचारेल म्हणून. मग कोणी विचारलं नाही, म्हणून तुला सांगतो की आज ऑफिसात काही झालं नाही. फोनवर हे मला जन्मात बोलता आलं नसतं. मला तिची फार आठवण येत होती, आणि ते सांगायला एक जागा मिळाली होती.

उत्तर मात्र येईना.

रविवारी फोन यायचा. जेवलीस का, हो बाबा, थंडी आहे का, आहे. पत्रांबद्दल ती एक शब्द बोलायची नाही. आणि मी विचारणार नव्हतो. पत्र लिहायचं आणि वर फोन करून "मिळालं का" विचारायचं, इतकं काही मी स्वतःला खाली आणलं नव्हतं. बायको म्हणाली, "मी विचारते." मी म्हटलं, "खबरदार." वाचत असेल, मी मनाशी म्हणायचो. वाचून तिला काय लिहावं सुचत नसेल. नाहीतर बाबा म्हातारे झाले असं वाटत असेल. एका रविवारी मी फोन हातात न घेता गॅलरीत जाऊन उभा राहिलो. झाडांना पाणी घालतोय असं दाखवलं. झारी रिकामी होती.

तरी लिहिणं सोडलं नाही. न लिहिता घरात यायचं म्हणजे काय, ते मी आता विसरलो होतो.

अशात रस्ता खणणाऱ्यांनी कुठेतरी वायर तोडली आणि अख्ख्या इमारतीचं इंटरनेट बंद पडलं. जिन्यात ही गर्दी! संगणकवाले तर घर नसलेल्या माणसासारखे फिरत होते. मी शांतपणे घरी आलो, स्टुलावर बसलो, टिमकीला पत्र लिहिलं, पाठवलं. पोचलं!

मी चप्पल न घालता जिन्यात आलो. "तुमचं बंद असेल," मी जाहीर केलं. "आमचं चालू आहे. आत्ताच मुलीला पत्र गेलं."

सगळे माझ्याकडे आदराने बघू लागले. सेक्रेटरी म्हणाले, "तुमची लाइन वेगळी आहे का?" मी म्हटलं, "लाइन तीच. सर्व्हर आपला!"

पोस्टमास्तर मात्र कपाळाला आठ्या घालून उभे होते. "रस्ता बंद आहे," ते म्हणाले. "गाडी नाही, थैली नाही. मग पत्र गेलं कुठून?"

"गेलं, एवढं खरं."

"पत्ता काय घातलात?"

"टिमकी, आमचं घर," मी म्हणालो.

सगळे संगणकवाल्यांकडे बघू लागले. संगणकवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला नाही, हे त्यांचे उपकार. ते हळूच माझ्याबरोबर घरात आले, पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि म्हणाले, "काका, तिची पेटी ह्याच मशीनमध्ये आहे. पत्त्यावर आमचं घर लिहिलं की सर्व्हर समजतो, माणूस घरचाच. तो पत्र बाहेर पाठवतच नाही. इथल्या इथे तिच्या पेटीत टाकतो. ती इकडे येऊन बघेपर्यंत तिथेच राहणार. तिचा नेहमीचा पत्ता का नाही घातलात?"

का नाही घातला? घरातल्या माणसांच्या पेट्या करा म्हणाले, मी तीन केल्या. ती घरात नाही, हे मला माहीत होतं. रोज संध्याकाळी माहीत होत होतं. पण पेट्या मोजताना ते आठवलं नाही.

ते गेल्यावर बायको हसायला लागली. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसली. "म्हणजे मुलीला लिहिलेली पत्रं मुलीच्याच कॉम्प्युटरात टाकत होतात!" मग हसता हसता ती खाली चपलांजवळ बसली आणि त्या मांजरांच्या चित्रांवरून हात फिरवत म्हणाली, "सगळी ह्यात आहेत? काय काय लिहिलंत हो? मला दाखवा ना."

"दुसऱ्याचं टपाल उघडायचं नाही," मी म्हणालो.

"बरं. मग ज्याचं आहे त्याला सांगते."

वायर जोडली गेली आणि रविवारी तिने सांगितलं. सगळं, जिन्यातल्या घोषणेसकट. मी गॅलरीत होतो. आतून फोनमधलं टिमकीचं हसणं ऐकू आलं, खूप दिवसांनी तसं, लहानपणचं. मग ते थांबलं. मग बायकोचा आवाज आला, "पासवर्ड? अगं, 'जेवलीस का'. नाही, विचारत नाहीये, तोच पासवर्ड आहे."

संगणकवाल्यांनी तिला तिकडून आपली पेटी उघडता येईल अशी सोय करून दिली. त्यानंतर काही दिवस काहीच झालं नाही. मी लिहिणं बंद ठेवलं. जिन्यातून मान खाली घालून जात होतो. लिहिताना ती वाचत असेल असं मला वाटायचं, पण आता ती खरोखर वाचत होती, आणि प्रत्येक ओळ आठवून मला कसंतरीच होत होतं. खिडकी, पलंग, ती किल्ली. बापाने असं लिहायचं असतं का?

एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, दाराला किल्ली लावली, आत आलो. मशीनवरचा दिवा लुकलुकत होता. माझ्या पेटीत एक पत्र होतं. पाठवणार, टिमकी, आमचं घर.

ते खूप मोठं होतं. सगळं काही इथे सांगणार नाही, टपाल माझं आहे. पण मध्येच तिने लिहिलं होतं, 'बाबा, ती परत आलेली मेल. त्यात खरंच विशेष काही नव्हतं. इथे संध्याकाळी शेजारच्या दाराला किल्ली लागल्याचा आवाज येतो. अगदी आपल्या दारासारखा. त्या दिवशी मी भांडी घासत होते आणि तो आवाज आला आणि मी मोठ्याने म्हणाले, मग काय झालं आज? मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. एवढंच लिहिलं होतं. फोनवर सांगता येत नव्हतं. आता रोज इथे सांगत जाईन, पण तुम्हीही सांगा. ऑफिसात काही झालं नाही तरी सांगा.'

मी बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, माझ्या खांद्यावरून वाचू लागली आणि मी पडदा झाकला नाही. पोस्टमास्तरांना हे कळवलेलं नाही.

नंतर संगणकवाल्यांना मी विचारलं, तिचं पत्र एवढ्या लांबून, आपल्या ह्या बदनाम आकड्यावर, इतकं बिनबोभाट आलं कसं? ते म्हणाले, "काका, ती तुमच्याच सर्व्हरवर लिहिते. त्याच्या हिशेबी ते बाहेरून आलेलंच नाही. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला लिहिलंय."

गेल्या आठवड्यात विमा कंपनीला शोभेल असं एक उत्तर इंटरनेट कंपनीकडून आलं. कागदपत्रे अपूर्ण असल्याने अर्ज परत पाठवत आहोत, त्रुटी दूर करून पुन्हा करावा. आमच्या सर्व्हरवरून बाहेर पत्र जात नाही ते अजूनही जात नाहीच. मी त्यांना फोन करून अर्ज मागे घेत असल्याचं सांगितलं. त्या बाईंनी कारण विचारलं. त्यांना कारण भरावं लागतं.

मी म्हटलं, "लिहा, बाहेर आमचं कोणी नाही."